पेशीत शिरलं म्हणजे औषध पोचलं का?

लोणी-संगमनेरच्या फार्मसी कॉलेजांतल्या मुलांना ‘सेल पेनिट्रेटिंग पेप्टाइड’ हे नाव अभ्यासात भेटतं. बाहेर मात्र ‘थेट पेशीत जाणारं औषध’ एवढंच पोचतं, आणि त्याबरोबर बरेच गैरसमजही. ही पेप्टाइडं म्हणजे अमायनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. एरवी पेशीच्या आवरणातून आत न जाणारं औषध त्यांना जोडून आत पाठवायचं, ही कल्पना.

‘टॅट पेप्टाइड एचआयव्हीचं, मग एड्स होईल.’ नाही. एचआयव्हीचं टॅट प्रथिन आपणहून पेशीत शिरतं, हे 1988 मध्ये दिसलं. औषधासाठी वापरतात तो त्यातला अकराएक अमायनो आम्लांचा तुकडा. त्यात विषाणूचा जनुकच नाही, तर संसर्ग होणार कशाने?

‘प्रत्येक औषधाला असा वाहक हवा.’ तेही नाही. पॅरासिटामॉलचा रेणू छोटा, तो आपला आपण जातो. इन्सुलिनला तर काम करायला आत शिरावंच लागत नाही. त्याचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरच असतो.

‘पेप्टाइड आवरणाला भोक पाडून घुसतं’ हा समज सगळ्यात पक्का. प्रत्यक्षात जड औषध जोडलेलं असलं की बहुतेक वेळा पेशीच ते पिशवीत गुंडाळून गिळते. पिशवीतून सुटका झाली नाही, तर औषध तिथेच पचून जातं. आणि ही सुटका फार थोड्या रेणूंची होते. पूर्वी चमकणारा रंग जोडून, पेशी रसायनाने स्थिर करून पाहत. पेप्टाइड थेट केंद्रकात दिसे. त्यातलं बरंचसं चित्र त्या स्थिर करण्यामुळेच उमटत होतं, हे 2003 मध्ये ध्यानात आलं. जिवंत पेशीत चमक पिशव्यांतच अडकलेली होती. माझ्या मते या विषयाचं खरं मर्म इथे आहे.

शिवाय ही पेप्टाइडं रोगी पेशी ओळखत नाहीत, निरोगी पेशींतही जातात. आणि रक्तात टिकणं हा वेगळाच घोर. टॅट जोडलेलं नेरिनेटाइड हे औषध पक्षाघाताच्या 1105 रुग्णांवर तपासलं गेलं. 2020 च्या निष्कर्षांत एकंदर फायदा दिसला नाही. ज्यांना रक्ताची गाठ विरघळवणारं अल्टेप्लेजही दिलं होतं, त्यांच्यात त्यामुळे जागं होणारं प्लाझमिन हे विकर हे पेप्टाइडच तोडतं.

पुण्यात रसायनशास्त्रज्ञ कृष्णा गणेश यांच्या गटाने वाहक जोडण्याऐवजी दुसरी वाट धरली: पेप्टाइड न्यूक्लिक अ‍ॅसिड या डीएनएसारख्या कृत्रिम रेणूच्या रचनेतच बदल करून तो पेशीत अधिक शिरेल असं केलं.

तेव्हा जाहिरातीत ‘पेशीत शिरणारं पेप्टाइड’ दिसलं, तर पैसे मोजण्याआधी एकच विचारा: माणसांवरच्या चाचणीत काय निघालं?