नामवंतांची मुलाखत

मुलाखत म्हटली कीं कित्येक नामवंत लेखक संकोचतात, याचें लोकांस नवल वाटतें. आम्हांस तें वाटत नाहीं. सांगावयाचें तें ग्रंथांत सांगून झाल्यावर ‘आपण केव्हां लिहितां?’ यास उत्तर तें काय द्यावें? नाशिकचे वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) यांच्या धाकट्या बहिणीचें नांव कुसुम. म्हणून कवितेसाठीं ते ‘कुसुमाग्रज’ झाले. घरचा जिव्हाळा त्यांनीं कोणी न विचारतांच सांगितला. त्यांच्या ‘नटसम्राट’ नाटकांतील (१९७०) गणपतराव बेलवलकर सर्वस्व मुलांस वांटून देतात व पुढें त्यांच्याच घरीं परके होतात. हें वाचल्यावर सुचणारा प्रश्न लेखकास विचारावयाचा नसतो. वाचकहो, घरच्या वडीलधाऱ्यांस त्यांच्या मनांतलें आपण शेवटचें केव्हां विचारलें?