गंजावरून वय कळत नाही

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर वाजला, की हाती बहुधा बटण, बक्कल, शिशाची गोळी किंवा नाण्याचा कापलेला तुकडा येतो. तो किती जुना हे ठरवताना नवखा माणूस आधी गंज पाहतो. पण गंज वयापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून. ओल्या, आम्लधर्मी मातीत शंभर वर्षांचं लोखंड ओळखू येत नाही. सोनं हजार वर्षांनीही लखलखतं. म्हणून जाणकाराचा प्रश्न वेगळा असतो : ही वस्तू कोणत्या सालाआधी बनूच शकली नसती?

कधी धातूच उत्तर देतो. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत १८८६ची. तेव्हा त्याचं बक्कल कितीही झिजलेलं असो, ते मध्ययुगातलं नाही. कधी सरकारी हुकूम कामी येतो. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा घालण्याचा आदेश १७६७चा. बटणावरच्या मुकुटाच्या कमानी १९०१नंतरची पाच दशकं गोल, फुगीर होत्या. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात त्या मधोमध खचलेल्या दिसू लागल्या.

सर्वांत बोलका तुकडा चांदीच्या पेनीचा. सुट्या पैशांची चणचण, म्हणून पेनी मागच्या बाजूच्या क्रूसाच्या रेषेवर कापून अर्धी किंवा पाव करत. ११८०पासूनच्या पेनीवर हा क्रूस आखूड होता. लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी लाटू लागले, तेव्हा १२४७मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या टाकसाळींनी क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत नेले. पुढे १२७९पासून पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग आणि पाठोपाठ गोल अर्धी पेनी पाडली. कापाकापीची गरज संपली. त्यामुळे लांब क्रूसाचा कापलेला तुकडा बहुधा या तीसेक वर्षांतलाच ठरतो.

नाणंच नसेल तर? २००९मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशरच्या साठ्यात सुमारे चार किलो सोनं होतं, पण नाणं एकही नाही. मुख्यतः नक्षीकामाच्या शैलीवरून अभ्यासकांनी तो सातव्या शतकात पुरला गेल्याचं ठरवलं.

अर्थात वस्तू घडली ते साल वेगळं, मातीत गेली ते वेगळं. हा दुसरा हिशेब जागा, खोली आणि शेजारच्या वस्तूंवरून लागतो. म्हणूनच तिथं १९९७पासून सामान्यांना सापडलेल्या वस्तूंची ठिकाणासह नोंद करणारी योजना चालते. घासून चकचकीत केलेलं नाणं अक्षरं गमावतं. ठिकाण न नोंदवलेलं नाणं इतिहास गमावतं.

आपल्याकडे नांगराला हंडा लागला, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो : दहा रुपयांहून अधिक मोलाचा, जमिनीत पुरलेला ऐवज सापडला, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्याआधी चिंच लावून नाणी घासू नयेत. त्यांचं वय त्या मातीतही असतं.