कपाटाची किल्ली आणि ग्रंथपाल

शाळेच्या वार्षिक अहवालात ‘ग्रंथसंख्या’ या शीर्षकाखाली एक आकडा छापलेला असतो. तो वाढला की संस्थाचालकांना समाधान वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु वर्षाअखेर कपाटात किती पुस्तके उरली यापेक्षा वर्षभरात किती पुस्तके कपाटाबाहेर पडली, हा आकडा ग्रंथालयाविषयी अधिक काही सांगतो. पुस्तके विकत घेता येतात. ती योग्य मुलाच्या हाती योग्य वेळी पडावीत यासाठी मात्र एक जाणते माणूस लागते. त्याला आपण ग्रंथपाल म्हणतो आणि बहुधा त्याच्याच वेतनाचा प्रश्न आपल्या सभांत सर्वांत शेवटी येतो.

बडोद्यात तरी असे व्हावयास नको. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ साली ते शिक्षण साऱ्या राज्यास लागू केले. पण शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाला पुढे वाचावयास काहीच मिळाले नाही, तर शिकलेले विसरावयास फार वर्षे लागत नाहीत. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय आले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना त्यांनी बोलावून घेतले व १९१० साली राज्यातील ग्रंथालयांची सूत्रे त्यांच्या हाती दिली.

येथे कामांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मांडवीजवळची मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत १९३१ ची. पण ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग बॉर्डन यांनी १९११ सालीच काढला. हिंदुस्थानातील तो अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. म्हणजे इमारतीच्या आधी वीस वर्षे माणसे तयार करण्यास आरंभ झाला होता! १९१२ साली ग्रंथालयविषयक त्रैमासिकही निघाले व त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूर असे. बॉर्डन १९१३ साली परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले. गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. एका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत व वाहतुकीचा भार सरकार उचली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांच्या जोडीला खेळही ठेवलेले असत. खेळावयास आलेले मूल पुस्तकाकडे वळते, हे त्या काळी कोणीतरी जाणले होते.

स्वातंत्र्यानंतर शालेय ग्रंथालयांची स्थिती कशी होती, हे माध्यमिक शिक्षणाविषयीच्या मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात स्पष्टच लिहिले. जुनी व मुलांच्या वयास न शोभणारी पुस्तके, अनाकर्षक खोलीतील चार फळ्या आणि त्यांवर नेमलेला कारकून किंवा पुस्तकांत रस नसलेला शिक्षक, असे ते चित्र होते. प्रशिक्षित ग्रंथपालावर आयोगाने भर दिला होता.

प्रशिक्षित ग्रंथपाल अधिक काय करतो? नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, मग विषयानुसार वर्गांक ठरतो. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ येथे बसते आणि गुजराती साहित्य ८९१.४७ येथे. बडोद्याच्या शाळेत हे शेजारी क्रमांक एकाच फळीवर यावेत, हा मोठा गोड योग आहे. मात्र पाचवीतल्या मुलाला दशांश चिन्हापुढची ही आकडेमोड कळत नाही. म्हणून हुशार ग्रंथपाल पुस्तकांच्या कण्यावर रंगीत पट्ट्या चिकटवतो आणि खालच्या फळ्या लहानांसाठी राखतो. हे झाले दिसणारे काम. न दिसणारे काम असे की, ‘फास्टर फेणे’ संपवून आलेल्या मुलाला पुढे काय द्यावे हे त्याला ठाऊक असते. आणि जो मुलगा तासाभरात एकही पुस्तक उघडत नाही, त्याच्यावरही त्याची नजर असते. त्या मुलाला कादंबरी नको असेल, क्रिकेटचे किंवा पक्ष्यांचे पुस्तक हवे असेल. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही सूत्रे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडली. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग जन्मभर याच विषयाचे होऊन राहिले. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

मग कपाटांना कुलपे का? दोष नेहमी ग्रंथपालाच्या वृत्तीचा नसतो. हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून जाईल ही धास्ती असली, तर कोणताही शहाणा माणूस किल्ली कमरेलाच लावील. केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम याबाबत अधिक समजूतदार आहेत. वर्षभरात दिलेल्या वा वाचनासाठी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाल्यास ते नुकसान वाजवी समजावे, असे ते म्हणतात. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीच्या व दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र व्हावी. हे नियम खाजगी शाळांना बंधनकारक नाहीत, पण आपल्या संस्थेने असा ठराव करून ग्रंथपालाच्या हाती देण्यास कोणाची आडकाठी आहे? वापरून फाटलेली व कालबाह्य झालेली पुस्तके रीतसर काढून टाकण्याचा अधिकारही त्याच ठरावात असावा. जुन्या नकाशांनी अडवलेली फळी ही ग्रंथसंपत्ती नव्हे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यात गुजराती आणि वर्गात पुष्कळदा इंग्रजी. छापील मराठीशी त्यांची गाठ पडावी अशी जागा या गावात फार नाहीत. सयाजीरावांच्या साहाय्याने निघालेल्या सयाजी साहित्यमाला व सयाजी बालज्ञानमाला यांत मराठी पुस्तके येथेच प्रसिद्ध झाली. आज मात्र नवे मराठी बालसाहित्य बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावे लागते. १९७१ साली सुरू झालेले ‘किशोर’ मासिक कोणी नियमाने मागवले, अंक आला की तो वर्गात जाऊन दाखवला, तरच मुलांना त्याची ओळख होते. हे ‘कोणी’ म्हणजे ग्रंथपालच.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पुस्तके भेट द्यावीत, असे आवाहन अशा प्रसंगी नेहमी केले जाते. त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. घर आवरताना निघालेली गठ्ठाभर पुस्तके पाठवण्यापूर्वी ग्रंथपालांना त्यांची यादी दाखवावी, आणि नको म्हटलेली पुस्तके राग न मानता परत न्यावीत. एखाद्या तुकडीने एकत्र येऊन मासिकांची वर्षभराची वर्गणी भरावी. जमल्यास, शाळा सुटल्यावर तासभर ग्रंथालय उघडे राहील इतका साहाय्यकाचा खर्च उचलावा. त्या एका तासात घरी लवकर न जाणारी मुले तेथे येतील. त्यांतली काही केवळ पंख्याखाली बसतील, त्यांनाही बसू द्यावे.