वावराची किंमत आणि कागदाची किंमत

वऱ्हाडात एकाच वावराला दोन भाव असतात. एक बाजारात, चहाच्या टपरीवर बोलला जातो. दुसरा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखतावर लिहिला जातो. दोन्ही भाव सगळ्यांना ठाऊक असतात आणि त्यांतल्या अंतराबद्दल कोणाला फारसे काही वाटत नाही. मुद्रांक शुल्काचे चार पैसे वाचले, एवढ्यावर समाधान असते. पण पुढे कधी त्या गावावरून महामार्ग जायचा ठरतो, धरणाची रेषा आखली जाते किंवा भावाभावांत वाटणी निघते. तेव्हा तिसरा माणूस बोलवावा लागतो. तो म्हणजे मूल्यांकनकार, बोलीभाषेत ‘व्हॅल्युअर’. त्याने काय पाहावे आणि आपण त्याच्यापुढे काय ठेवावे, हे अमरावती-अकोल्याकडच्या प्रत्येक खातेदाराने समजून घेण्यासारखे आहे.

जमिनीची प्रतवारी हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे मोजणी झाली. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी, तर वऱ्हाडात रयतवारी. मातीचा रंग, खोली, दोष पाहून जमिनीला आणे देण्यात आले आणि उत्तम जमीन सोळा आणे ठरली. पण ती प्रतवारी सारा ठरवण्यासाठी होती. त्या जमिनीला गिऱ्हाईक किती देईल, हा प्रश्न तिच्यात नव्हता. मूल्यांकनाचा सारा व्याप नेमका त्या प्रश्नाभोवती आहे.

आज बहुतेक लोक उत्तर म्हणून ‘रेडी रेकनर’ पुढे करतात. वार्षिक मूल्यदर तक्ता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, त्यामुळे तो सोयीचा वाटतो. परंतु तो तयार झाला मुद्रांक शुल्काच्या वसुलीसाठी. जवाजी नागनाथम या आदिलाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले, की शुल्कासाठी ठेवलेल्या दरनोंदवहीवरून संपादित जमिनीचा बाजारभाव ठरवता येणार नाही. गावातल्या साऱ्या कोरडवाहू जमिनीला तक्त्यात एक दर असतो. पण एक वावर डांबरी सडकेला लागून असते आणि दुसरे पांदणीच्याही पलीकडे, नाला ओलांडून. या दोघांचा भाव सारखा आहे असे म्हणणारा शेतकरी दाखवा!

कमी लिहिले, कमी मिळाले

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात बाजारमूल्य काढण्याची रीत लिहून दिली आहे. मुद्रांकाचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी यांपैकी जे जास्त, ते धरायचे. संमतीचा ठरलेला मोबदला असेल तर तोही तुलनेत येतो. सरासरी काढताना मागील ३ वर्षांची खते घेतात आणि त्यांतली जास्त किमतीची निम्मी खते हिशेबात धरतात. ग्रामीण भागात या रकमेला १ ते २ च्या दरम्यानचा गुणांक लागतो आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. १८९४ च्या जुन्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतरही दिलासा ३० टक्केच होता.

कायदा उदार आहे खरा, पण त्याचा पाया खरेदीखतावर उभा आहे. समजा, गावात एकरी १५ लाखांचे व्यवहार होतात आणि कागदावर ८ लाख लिहिले जातात. उद्या संपादन आले तर अधिकारी ८ लाखच पाहणार. गुणांक त्यावर, दिलासा त्यावर. म्हणजे एकाने वाचवलेल्या शुल्काचा भुर्दंड शेजारच्या दहा घरांना बसतो, आणि ज्यांनी कधी जमीन विकलीच नाही त्यांनाही तो चुकत नाही. विदर्भात २००६ ते २०१३ या काळात सिंचन प्रकल्पांसाठी सरळ खरेदीने जमिनी गेल्या. त्या शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी पुढे वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. एकदा ठरून गेलेली किंमत नंतर वाढवून घेणे किती अवघड असते, ते त्यातून दिसले.

वावर पाहताना

सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा चिमणलाल हरगोविंददास निकाल पुण्याच्या जमिनीसंबंधी होता. आजही मूल्यांकनाच्या कामात तो मार्गदर्शक मानला जातो. त्यातला विचार आपल्या गावच्या कोणत्याही जाणत्या माणसाच्या विचाराशी जुळतो. तुलनेची खते शोधा, ती जागेने आणि काळाने जवळची असू द्या, मग अधिक-उण्या बाबींचा हिशेब करा. रस्त्याची जवळीक, रुंद दर्शनी बाजू, लहान आकार या अधिक बाबी. मोठे क्षेत्र, आत दडलेली जागा, अरुंद पट्टी, भराव घालावा लागेल असा सखलपणा या उण्या बाबी. छोट्या प्लॉटचा दर मोठ्या जमिनीला जसाच्या तसा लावता येत नाही. रस्ते, मोकळी जागा, गुंतलेला पैसा यांसाठी साधारण २० ते ५० टक्के वजावट धरावी, असे त्या निकालात म्हटले आहे.

वऱ्हाडापुरत्या काही गोष्टी यात जोडायला हव्यात. पहिली पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात माती काळीभोर, भारी. पण खालचे पाणी खारे. तिथे विहीर आहे म्हणून जमीन ओलिताची धरली तर हिशेब फसतो. पाणी चाखून, शक्यतो तपासून घ्यावे. दुसरी वहिवाटीची. पांदण रस्ता नकाशावर आहे का, प्रत्यक्षात बैलगाडी जाते का, की कोणी धुरा सरकवून तो गिळला आहे, हे पायी चालूनच कळते. तिसरी झाडांची. वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेची किंमत जमीन, झाडे आणि पाणी यांची मिळून बनते. झाडांचे वय, बहाराची स्थिती, वाळलेली झाडे यांची मोजदाद त्याच दिवशी, छायाचित्रांसह करावी.

चौथी गोष्ट हवेची, म्हणजे अफवांची. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडाले. अशा प्रत्येक बातमीसरशी भोवतालच्या शिवारात भाव ‘सांगितले’ जातात. सांगितलेला भाव आणि झालेला व्यवहार यांत फरक करावा. इसारचिठ्ठीवर अडकलेला सौदा पुरावा म्हणून फार दुबळा असतो.

घर पाहताना

शहरात पहिला कागद हक्काचा. अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत नझूलच्या भाडेपट्ट्याच्या जागा पुष्कळ आहेत. आखीव पत्रिकेवर धारणाधिकार काय लिहिला आहे, पट्ट्याची मुदत संपली का, नूतनीकरण झाले का, हे पाहिल्याशिवाय दर लावू नये. भोगवटादार वर्ग २ ची जमीन वर्ग १ करायची तर अधिमूल्य भरावे लागते, आणि ते मूल्यातून वजा झाले पाहिजे. लेआउटमधल्या प्लॉटला एनएपी-३४ चा आदेश आहे की गुंठेवारीचे नियमितीकरण, हेही विचारावे. दुसरा प्रश्न भाडेकरूचा. वऱ्हाडात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे आदेश लागू होता. २००० मध्ये महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. मोक्याच्या चौकातले दुकान असो, आत संरक्षित भाडेकरू नाममात्र भाड्यावर बसला असेल तर रिकाम्या जागेचा भाव त्याला लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

तिसरा प्रश्न पायाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीवरची तिरपी भेग रंगाखाली दडवलेली असते. चौथा पुराचा. अकोल्याला जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले होते. नदीकाठच्या मालमत्तेची निळी पूररेषा तपासणे हा मूल्यांकनाचाच भाग आहे.

बांधकामाची आकडेमोड तशी सोपी आहे. १,२०० चौरस फुटांचे घर आज बांधायला फुटाला १,८०० रुपये लागतात असे धरू. म्हणजे २१,६०,००० रुपये. घराचे आयुष्य ६० वर्षे, वय ३०, मोडीची किंमत १० टक्के. घसारा ४५ टक्के झाला, उरले ११,८८,००० रुपये. यात जमिनीची किंमत मिळवायची. आकडे कोणीही मांडील. पण ६० वर्षे धरायची की ४५, हे छतावरची गळती आणि उघडी पडलेली गंजकी सळई पाहून ठरते.

व्यवसायातले बदल

पूर्वी संपत्तीकर कायद्याखाली नोंदलेला मूल्यांकनकार ही एकच मोठी ओळख होती. तो कर २०१५ मध्ये रद्द झाला, तरी ती नोंदणी आयकराच्या कामी चालू राहिली. २०१७ च्या नियमांनी कंपनी कायद्याखाली वेगळी नोंदणी आली. त्यासाठी ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते आणि जमीन-इमारत, यंत्रसामग्री, रोखे असे वर्ग पाडलेले आहेत. म्हणून काम देण्यापूर्वी विचारावे, की आपल्या कामाला कोणती नोंदणी लागते. बँकेच्या कर्जाचा अहवाल वाटणीला चालेलच असे नाही.

वडिलोपार्जित घर विकणाऱ्यांनी १ एप्रिल २००१ ही तारीख लक्षात ठेवावी. त्याआधी मिळालेल्या मालमत्तेवरचा भांडवली नफा काढताना त्या दिवसाचे मूल्य धरता येते. मात्र जमीन-इमारतीच्या बाबतीत ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. तेव्हा जुना दर आणि जुना घरकर उतारा आजच काढून ठेवलेला बरा.

अहवाल हातात आला की शेवटच्या पानावरचा आकडा पाहून तो कपाटात टाकू नये. पाहणीची तारीख आहे का, तुलनेची खते क्रमांकासह दिली आहेत का, वजावटीची कारणे लिहिली आहेत का, चतुःसीमा जुळतात का, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे नसतील तर अहवाल परत करावा. आणि पुढच्या वेळी खरेदीखत करायला बसाल तेव्हा जो भाव दिला-घेतला, तोच लिहावा. तुमच्या त्या एका कागदावर उद्या सबंध शिवाराचा भाव ठरू शकतो.