जिन्यातला दिवा कोणाच्या जबाबदारीचा?

विलेपार्ले स्टेशनपासून पूर्वेला नेहरू रोडने चालत गेलं, तर तळमजल्यावर बँक, पहिल्यावर क्लास, दुसऱ्यावर दातांचा दवाखाना आणि सीएचं ऑफिस अशा इमारती भेटतात. विमानतळ शेजारी असल्यामुळे उंचीवर मर्यादा, म्हणून टॉवर कमी. पण मजले चार असोत की चाळीस, आग लागली की लिफ्ट वापरायची नाही. सुटकेचा रस्ता जिन्यातूनच. त्या जिन्यात हिरवा 'एक्झिट' बोर्ड असतो, सोबत बॅटरीवरचा इमर्जन्सी लाइट. तो बंद पडला तर बघायचं कोणी? गाळेवाला सोसायटीचं नाव घेतो, सोसायटी एएमसीवाल्याचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराचं, आणि भाडेकरू मालकाचं.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016च्या आवृत्तीत या दिव्यांच्या अपेक्षा स्पष्ट आहेत. नेहमीच्या दिव्यांपेक्षा वेगळ्या स्रोतावर ते चालले पाहिजेत. वीज गेल्यावर, जागा कितीही लहान असली तरी, किमान 90 मिनिटं टिकले पाहिजेत. सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीवर निदान 10 लक्स उजेड पडला पाहिजे. वाचायला तो अपुरा आहे, पण पायरी दिसायला पुरेसा.

घोटाळा असा की हा दिवा निकामी झाला तरी ते कळत नाही. त्याच्यावरचा छोटा ठिपका पेटलेला असतो, तो बहुतेक वेळा वीज पोचतेय एवढंच सांगतो. आतली बॅटरी उष्णतेने आणि वयाने कधीच मेलेली असू शकते. भारनियमनाच्या गावात तिचं बिंग त्याच संध्याकाळी फुटतं. मुंबईत वीज सहसा जातच नाही. 12 ऑक्टोबर 2020ला ग्रिड कोसळून मुंबई बंद पडली, पण तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आगीत मात्र वीज हमखास जाते: शॉर्टसर्किटने जाते, नाहीतर पाणी मारण्याआधी अग्निशमन दल ती बंद करायला लावतं. म्हणजे अनेक इमारतींत या दिव्याची पहिली खरी परीक्षा धुरातच होते.

कायदा इथे संदिग्ध नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' डिसेंबर 2008पासून लागू आहे. विकासक, मालक, भोगवटादार किंवा अन्य कोणत्याही नावाने ओळखली जाणारी व्यक्ती, सर्वांना तो संहितेशी बांधतो. यंत्रणा बसवली की काम संपत नाही. ती सतत चालू स्थितीत ठेवावी लागते. त्यासाठी परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', घेऊन तो अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचा असतो. पालिकेचं दल तपासणी करतं, नोटीस देतं, पण बॅटरी बदलणं त्याचं काम नाही. एएमसी करूनही जबाबदारी मालकाकडेच राहते, फक्त काम दुसऱ्याकडे जातं.

मालक एकच असेल तर हे सोपं आहे. पण उपनगरांतल्या बहुतेक व्यापारी इमारती गाळ्यागाळ्याने विकलेल्या असतात. जिन्याच्या मेंटेनन्सचे पैसे सोसायटी घेते, तेव्हा तिथल्या दिव्यांचा हिशेबही कमिटीनेच द्यायला हवा. गाळ्याच्या आतलं पाहायचं ते गाळा वापरणाऱ्याने. अडतं ते या दोन्हींच्या सीमेवर: नवा भाडेकरू फॉल्स सीलिंग करतो, त्याच्याआड एक्झिट बोर्ड झाकला जातो आणि लीव्ह अँड लायसन्सच्या करारात त्याबद्दल अवाक्षर नसतं.

मालकीची अशी फाटाफूट किती महागात पडते ते भांडुपने पाहिलं. ड्रीम्स मॉलमध्ये शेकडो गाळेमालक होते, मॉलचा कारभार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने (एनसीएलटी) नेमलेल्या प्रशासकाकडे होता आणि सर्वांत वरच्या मजल्यावर सनराइज रुग्णालय. मार्च 2021मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास खालच्या दुकानात लागलेल्या आगीचा धूर वर चढला आणि रुग्णांचे जीव गेले. मागाहून मॉल आणि रुग्णालय यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

न्यायालयात हे बोट दाखवणं टिकत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत 13 जून 1997ला 59 माणसं मेली. अंधार आणि धुराने भरलेल्या बाल्कनीत प्रेक्षक अडकले होते आणि इमर्जन्सी लाइटचा अभाव हा खटल्यातला एक ठळक मुद्दा होता. परवान्याचं नूतनीकरण सरकारनेच केलं होतं, हा बचाव पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये तो मानला नाही आणि मालकांची दोषसिद्धी कायम ठेवली. अधिकाऱ्याने डोळेझाक केली म्हणून मालकाचं कर्तव्य माफ होत नाही.

ब्रिटनमध्ये प्रघात असा आहे की महिन्यातून एकदा थोडा वेळ वीज तोडून प्रत्येक दिवा पाहायचा, वर्षातून एकदा तो पूर्ण वेळ चालू ठेवायचा आणि दोन्ही वेळा वहीत नोंद करायची. पार्ल्यातल्या सोसायटीलाही हे जमण्यासारखं आहे. रविवारी क्लास सुटले, दवाखाने बंद झाले की वॉचमन आणि इलेक्ट्रिशियन मिळून जिन्याचा एमसीबी पाडू शकतात. मात्र ठरावात 'कमिटी बघेल' असं न लिहिता एका पदाधिकाऱ्याचं नाव लिहावं. आणि वार्षिक सभेत त्याला एवढंच विचारावं, की मागच्या चाचणीत जिन्यातले दिवे किती मिनिटं चालले? 'चालू आहेत' हे या प्रश्नाचं उत्तर नाही.