आक्षीच्या वाळूवर आखाताचा पाहुणा

रजबचा चाँद दिसून दोन दिवस झाले होते. चाँद नवा असला की अलिबागच्या किनाऱ्यावर सकाळी सात-आठच्या सुमारास पाणी पार आत गेलेले असते. डॉक्टरांनी अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ओल्या वाळूवरून चालायला सांगितले आहे. म्हणून फजरनंतर आम्ही आक्षीला गेलो. सोबत माझी नऊ वर्षांची मुलगी.

कुरव पक्षी नेहमीप्रमाणे थव्याने बसले होते. त्यांच्यापलीकडे, पाण्याच्या कडेला दोन पक्षी वेगळे दिसले. एक पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, लांब राखी-निळे पाय आणि जाडजूड काळी चोच. दुसरा तसाच, पण पाठीवर मळकट राखाडी. अब्बांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "क्रॅब प्लोव्हर! एवढी वर्षं फिरतोय, आज पहिल्यांदा बघितला." कच्छच्या आखातात हा हिवाळ्यात दिसतो; आपल्या किनाऱ्यावर क्वचितच.

नावाप्रमाणे याचे खाणे खेकडे. पांढरा पक्षी चार पावले धावला, थबकला, वाळूत चोच खुपसून खेकडा बाहेर काढला. राखाडी पक्षी मान खाली घालून ओरडत त्याच्या मागे आला आणि खेकडा त्याला मिळाला.

"एवढा मोठा झालाय, तरी भरवते?" मुलीने विचारले.

हो, भरवतात. एप्रिल ते ऑगस्ट या काळात हे पक्षी अरबस्तानाच्या भोवतीच्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर वीण करतात. अबूधाबीची बेटेही त्यांत आली. वाळूत लांब बीळ खोदून आत एकच पांढरे अंडे घालतात. किनाऱ्यावरच्या इतर चिखलपक्ष्यांत ही रीत नाही. तापलेली वाळू अंडे उबवायला हातभार लावते. एकुलते पिल्लू बिळातच वाढते आणि समुद्र ओलांडून हिवाळी मुक्कामी आल्यावरही आईबाप त्याला भरवत राहतात.

मुलीला जवळ जाऊन फोटो काढायचा होता. अब्बांनी तिला खाली बसवले. "त्याची न्याहरी चालू आहे. पाणी चढलं की संपली." इथून जवळच्या किहीमला सलीम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तोही असाच तासन्‌तास बसून, हे अब्बा प्रत्येक फेरीत सांगतात. त्या दिवशी मात्र ते ऐकावेसे वाटले.

एवढ्यात दोन मोटारसायकली पाण्याच्या कडेने भरधाव आल्या. सगळा थवा उठला. मोठ्या पक्ष्याच्या चोचीतला खेकडा तिथेच पडला. दोघे खाडीच्या तोंडाकडे उडाले. आम्ही अर्धा तास वाट पाहिली, पाणी चढू लागले, ते परतले नाहीत. पोरे वळसा घालून पुन्हा आली तेव्हा अब्बा काठी उंचावून त्यांच्यासमोर उभे राहिले. काय बोलले ते वाऱ्यात ऐकू आले नाही, पण गाड्या वर सुरूच्या बनाकडे वळल्या.

संध्याकाळी मुलीने दुरून काढलेला धूसर फोटो अबूधाबीला तिच्या वडिलांना पाठवला. आठ वर्षांपासून ते तिथे आहेत. रात्री उत्तर आले: "इथे मी एकदाही बघितला नाही. आमच्या साइटवरून समुद्र दिसत नाही. उद्या परत जाणार का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी निघालो.