सकाळचा कप का थरथरतो?

रोज दारू पिणाऱ्या माणसाचा सकाळचा चहा कधी पाहिलाय? कपबशी किणकिणते, निम्मा चहा बशीत. घरचे म्हणतात, "नाटकं सगळी!" नाटक नसतं ते.

मेंदूत 'गाबा' हे शांतवणारं रसायन आणि 'ग्लुटामेट' हे चेतवणारं. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते. महिनोन्‌महिने हेच चाललं की मेंदू तोल सावरायला उलटा जोर लावतो. मग दारू उतरली की उरतो तो नुसता जोर. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. म्हणूनच जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून, गळ्याची शपथ घालून एकदम सोडायला लावणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, शपथा मागाहून.

घरच्यांनाही सवयी जडतातच. जिन्यावर चप्पल कशी वाजली यावरून आज बाबा कसे आलेत, हे सात वर्षांच्या पोरीला कळतं. बायको त्याच्या कामावर फोन करून 'ताप आलाय' सांगते. (हे पांघरूण घालणं प्रेमापोटीच, पण त्याच्या पिण्याची सोय होते, ती होतेच.)

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते. अशा केंद्रांत औषधं लवकर संपतात, बोलणं मात्र महिनोन्‌महिने चालतं, बायकोशीसुद्धा. कुणी पुन्हा घसरला, तर मधुमेह्याची साखर वाढल्यावर करतात तेच करायचं: उपचार पुन्हा सुरू.